लक्षण आणि नांव

लक्षणाचे तीन दोष न्यायशास्त्रांत सांगितले आहेत. त्यांपैकीं अतिव्याप्ति हा एक. 'जिला शिंगें ती गाय' असें म्हटलें कीं म्हैसहि गाय ठरते. हा दोष पंडितांच्या वादापुरताच आहे असें वाटतें खरें. पण त्यापायीं एका अजस्र, शाकाहारी डायनोसॉरला आपलें नांव गमवावें लागलें आहे.

1828 मध्यें विल्यम स्लीमन यांस जबलपूरजवळ कांहीं अश्मास्थि मिळाल्या. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून लिडेकर यांनीं 1877 मध्यें 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हें नांव ठेविलें. मणक्याची पुढची बाजू खोलगट, मागची गोळ्यासारखी फुगीर, हें त्याचें लक्षण. पुढें तसेच मणके अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप येथेंहि निघाले आणि या एका नांवाखालीं 14 जाति गोळा झाल्या! अखेर 2003 मध्यें विल्सन व अपचर्च यांनीं निर्णय दिला कीं, हें लक्षण एकाचें नसून साऱ्या कुळाचें आहे. सबब नांव रद्द. कुळाला मात्र आजहि त्याच्याच नांवानें ओळखतात.

वेगळेपण गेलें म्हणजे वस्तूचें स्वत्व गेलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मणका 1877 मध्यें होता तसाच 2003 मध्येंहि होता. वाढला तो गोतावळा. लक्षण ही जाणणाराची गरज आहे, वस्तूची नव्हे. शास्त्रानें नांव काढून घेतलें तें योग्यच केलें, नाहींतर कोणतेंहि हाड त्यांत खपलें असतें. पण हाच न्याय आपण माणसांस लावतों, तो कोणत्या अधिकारानें? घरांत थोरला एकटाच पदवीधर असतो तोंवर त्याचें कौतुक. धाकटीं भावंडें पदवीधर झालीं कीं जणूं त्याची विद्या उणी झाली!

त्याच निर्णयानें चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांवच्या प्राण्याचें दैव उघडलें. जैन व बंदोपाध्याय यांनीं 1997 मध्यें त्याला टायटॅनोसॉरसचीच एक जाति म्हटलें होतें. त्याची मान आखूड, पुढचे पाय लांब. कवटी व मागचीं पावलें मिळालींच नाहींत. तरी मणक्यांच्या निराळ्या घडणीवर तो स्वतंत्र ठरला आणि 'इसीसॉरस' झाला. यांतील 'इसी' हीं भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें. आंकड्यांच्या संस्थेनें हाडें सांभाळावीं, हेंहि एक नवलच.

जबलपूरचा मूळ मणका मध्यंतरीं गहाळ झाला होता. तो 2012 मध्यें कोलकात्यास, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहांत, पुन्हां हातीं लागला. नांव रद्द होऊन तेव्हां नऊ वर्षें लोटलीं होतीं. तरी शोधणारे शोधीतच होते.