शाकारलेलं छप्पर, कोरलेलं छप्पर

सॅम्युअल पामर या इंग्रज चित्रकाराने 1850 साली गुराख्याच्या झोपडीचं एक छोटं अम्लरेखन केलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईने रेघा, मग आम्ल. लेप खरवडला तिथे आम्ल तांबं खातं आणि त्या खाचेत शाई बसते. गवती छपराइतका या तंत्राला साजेसा विषय नाही. काडी न् काडी रेघेत उतरते. त्या शतकातल्या चित्रकारांना झोपड्यांचं वेड लागलं, त्यात गरिबांच्या कळवळ्यापेक्षा सुईची हौसच जास्त असावी.

मुंबई इलाख्याची दृश्यंही बरीचशी लंडनलाच कोरली जात. कंपनीच्या फौजेतल्या कॅप्टन ग्रिंडलेचा पश्चिम भारताच्या चित्रांचा संग्रह 1826 ते 1830 या काळात तिथून निघाला. तिथल्या कारागिराच्या ओळखीचं छप्पर गव्हाच्या काडाचं. एकदा चढवलं की पुढची वीस-पंचवीस वर्षं निर्धास्त. कोकणात, रायगडच्या किनाऱ्यावरच्या काशीदकडच्या केंबळी घराचं तसं नाही. कारवीचा कूड, वर शेणमातीचा गिलावा, छपराला गवत नाहीतर भाताचा पेंढा. वैशाखात घर शाकारलं नाही, तर मृगात आभाळ घरात. कुजका थर उतरवून खताला टाकायचा, वासे चाचपायचे, वाळवी लागलेला बदलायचा, शेजारपाजाऱ्यांना हाताशी घेऊन नवा थर बांधायचा. घर आजोबांच्या वेळचं असलं, तरी छपराचं वय वर्षभराचंच. चित्रात मात्र ते जन्मभर जुनं राहतं, आणि ते जुनेपणच विकलं जातं.

शिवाय छापा उलटा उमटतो. काशीदच्या पुळणीवर उत्तरेकडे तोंड करून कुणी थेट पत्र्यावर रेखाटलं, तर डावीकडचा समुद्र कागदावर उजवीकडे येणार. कोकणाचा पूर्वेकडचा कोरोमंडल किनारा व्हायचा!

मंगळूरला बाझल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. पुढे कोकणातली घरं हळूहळू कौलारू झाली, मग पत्रे आले, स्लॅब आले. बरंच झालं; आगीची धास्ती आणि दर वर्षीची यातायात कुणाला हवी? पण 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात काशीदच्या किनाऱ्यावरचे पत्रे पानांसारखे उडाले, तेव्हा नव्यासाठी दुकानाकडे आणि पंचनाम्याकडे डोळे लावावे लागले. पेंढा निदान आपल्याच शेतातला होता.

आता पर्यटकांसाठी स्लॅबवर हौसेने माडाच्या झावळ्यांचे झाप चढवतात. तेही पावसात कुजतात, बदलावे लागतात. आणि झावळ्या विणणारे हात गावात शोधावे लागतात.