काज-बटणापासून कात्रीपर्यंत

शिंप्याच्या दुकानात नवा पोरगा आला की त्याच्या हाती कात्री देत नाहीत. आधी काज-बटण, हातशिलाई, इस्त्री, मग मशीन, कापड बेतणं सगळ्यात शेवटी. जीन लेव्ह या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्यांचा अभ्यास करत होत्या. तिथेही त्यांना हाच उलटा क्रम दिसला. वरवर वाटतं, उस्ताद पोराला नुसता राबवून घेतोय. पण बटण चुकलं तर उसवून पुन्हा लावता येतं; कात्री चुकली तर कापड गेलं. शिवाय बटणं लावता लावता तयार कपडे शेकड्यांनी हाताखालून जातात. कात्री हाती येईतो गळा कुठे बसतो, बाही कशी पडते, हे पोराला कळून चुकलेलं असतं. तास मात्र कोणी घेतलेला नसतो.

कारखानदारीने हे शिकणं अडचणीचं मानलं. फ्रेडरिक टेलरने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक लिहिलं. कारागिरांकडे साठलेलं ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावं, त्याचे नियम करावेत आणि ते कामगाराला शिकवावेत, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी की टेलर स्वतः फिलाडेल्फियातल्या कारखान्यात उमेदवारी करूनच यंत्रकाम शिकला होता. त्याचा हिशेब सगळाच खोटा नव्हता. नियमामुळे नवखाही लवकर कामाला लागतो. पण नियमात न मावणारंही पुष्कळ असतं. १९६६ साली तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यीने नेमकं यावर बोट ठेवलं : माणसाला जितकं सांगता येतं, त्याहून अधिक ठाऊक असतं.

मग ते पुढच्याकडे जातं कसं? १९९१ साली लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी उत्तर मांडलं : कामाच्या मंडळीत कडेने शिरायचं आणि हळूहळू मध्यावर यायचं, हेच शिकणं. त्यांच्या पुस्तकात शिंप्यांबरोबर अमेरिकी सुपरमार्केटातले खाटीकही आहेत. एका ठिकाणी मांस बांधायचं यंत्र अशा जागी होतं, की त्यावरच्या उमेदवारांना मुरलेले खाटीक सुरी कशी चालवतात ते दिसतच नसे. वर्गातलं प्रशिक्षण होतं, उस्तादही होते. नजरेचा टप्पा तेवढा तुटला होता.

ज्युलियन ऑर यांनी कामातून होणारं हे शिकणं झेरॉक्सच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांमध्ये पाहिलं. त्यांचं पुस्तक १९९६चं. कंपनीची पुस्तिका सांगे, अमुक संकेत आला तर तमुक भाग बदला. प्रत्यक्षात यंत्र कधीकधी भलताच संकेत दाखवी. मग जेवताना, कॉफी पिताना तंत्रज्ञ एकमेकांना बिघाडाच्या गोष्टी सांगत. बाहेरच्याला त्या गप्पा वाटाव्यात. पण पुढचा बिघाड उलगडायला त्याच उपयोगी पडत.

इथवर कल्पना कामाच्या जागेवरची होती. वर, अधिकाऱ्यांच्या जगात, मात्र तिचं कोष्टक झालं. १९८०च्या दशकात सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी यशस्वी अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्ही कशातून शिकलात? त्या कामातून ७०:२०:१० हे सूत्र निघालं : ७० भाग कामातून, २० भाग इतरांकडून, १० भाग वर्गातून. हा अधिकाऱ्यांनी आठवून सांगितलेला अंदाज, मोजमाप नव्हे. तरी अनेक कंपन्यांनी ते प्रमाणच मानलं. आता सहकाऱ्याला विचारलेल्या शंकेचीही नोंद हवी, गप्पांनाही वेळापत्रक हवं. टेलर मागच्या दाराने परत आला तो असा.

मला वाटतं, असं अनौपचारिक शिक्षण घडवून आणता येत नाही. त्याच्या आड न येणं मात्र साधतं. नवख्याला कुठे बसवलं, त्याला जाणत्याचं काम दिसतं का, दोघांच्या जेवणाच्या सुट्ट्या एका वेळी आहेत का, चूक झाली तर नुकसान बटणाएवढं राहील असं काम त्याच्याकडे आहे का, हे प्रश्न प्रशिक्षण विभागाच्या फायलीत सहसा नसतात. घरून काम सुरू झाल्यापासून तर ते आणखी अवघड झाले आहेत. पण नवा अभ्यासक्रम आखण्याआधी एकदा उमेदवाराच्या जागी उभं राहून बघावं : इथून सुरी दिसते का?