उत्तरवयातील खेळ : सॉफ्टबॉल आणि वैराग्याचा प्रश्न

वृद्धापकाळाचे योग्य काम कोणते, याचा विचार करताना पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या परंपरांनी मैदानी खेळाला सहसा जागा दिलेली नाही. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘भज गोविन्दम्’ या स्तोत्रात तर वयांची वाटणीच करून टाकलेली आहे: मूल खेळात गुंतलेले, तरुण प्रेमात आणि म्हातारा चिंतेत. या तिघांचेही लक्ष परब्रह्माकडे नाही, हा स्तोत्रकाराचा मुद्दा असला, तरी खेळ हा बालपणाचा आणि फक्त बालपणाचाच दोष आहे, हे त्यात गृहीत धरलेले दिसते. वारकरी परंपरा याला काहीसा अपवाद आहे. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, विटीदांडू, हुतुतू, फुगडी अशा खेळांच्या नावांनी अभंग आहेत आणि वारीच्या वाटेवर साठी-सत्तरीतल्या बाया आजही पदर खोचून फुगडी घालतात. मात्र अभंगातला खेळ हे परमार्थाचे रूपक आहे, आणि रूपक म्हणून खेळाला मान देणे व प्रत्यक्ष खेळाला जीवनात जागा देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या लेखाचा विषय दुसरी गोष्ट हा आहे.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट मांडणी सिसेरोने केली. इ. स. पू. ४४ मध्ये, स्वतः साठी ओलांडल्यावर, त्याने वार्धक्याविषयीचा आपला प्रसिद्ध संवाद लिहिला आणि त्यातली मुख्य भूमिका ८४ वर्षांच्या थोरल्या केटोच्या तोंडी घातली. शस्त्रे, घोडे, भाले, चेंडू, पोहणे आणि धावणे हे सारे तरुणांनी खुशाल घ्यावे, म्हाताऱ्यांना फासे तेवढे पुरेत, आणि तेही नसले तरी काही बिघडत नाही, असे केटो तेथे सांगतो. परंतु त्याच ग्रंथात या उद्गाराच्या अगोदर केटो क्रोटॉनच्या मिलो नावाच्या मल्लाची कथा सांगून गेलेला असतो. म्हातारा झालेला मिलो आखाड्यात तरुणांचा सराव पाहतो, आपल्या दंडांकडे बघतो आणि ते आता मेले म्हणून रडू लागतो. केटोला हे रडणे लाजिरवाणे वाटते, कारण जे बळ आज आहे ते वापरावे आणि जे करायचे ते त्या बळाच्या मानाने करावे, हे त्याचे तत्त्व आहे. आता हे तत्त्व मान्य केले, तर चेंडू तरुणांना देऊन टाकण्याचे कारण उरत नाही, कारण चेंडूचा खेळही आहे त्या बळाच्या मानाने खेळता येईल. केटोने चेंडू सोडला तो चेंडूच्या खेळाला एकच रूप असते, आणि ते रूप तरुणांचे असते, असे समजून. हे गृहीतक चूक आहे, आणि ते चूक असल्याचे दाखवणारे एक ठसठशीत उदाहरण अमेरिकेतल्या वृद्धांच्या सॉफ्टबॉलमध्ये सापडते.

सॉफ्टबॉल हा खेळ मुळातच बेसबॉलला घातलेल्या मुरडीतून जन्माला आला. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये, आभारदिनाच्या सुट्टीत, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात जमलेल्या तरुणांनी गुंडाळून बांधलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा चेंडू म्हणून आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून वापरला, आणि जॉर्ज हॅनकॉक याने या बंदिस्त जागेतल्या बेसबॉलला पुढे नियम घालून दिले. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्याला १९२६ मध्ये मिळाले. चारच वर्षांनी, १९३० मध्ये, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग या शहरात ज्याचे सभासदत्व वयाची ७५ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही असा एक सॉफ्टबॉल क्लब स्थापन झाला. त्याच्या दोन संघांची नावे ‘किड्स’ आणि ‘कब्ज’, म्हणजे पोरे आणि बछडे. पांढरा पोशाख आणि गळ्याला बो टाय लावून मैदानात उतरणारे हे खेळाडू शहराची ओळख बनले. पुढे १९८० च्या दशकात वृद्धांच्या सॉफ्टबॉलला राष्ट्रीय पातळीवरच्या संघटना मिळाल्या, पन्नाशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे वयोगट पडले, आणि या वयोगटांसाठी स्वतंत्र नियमावल्या तयार झाल्या.

तत्त्वचिंतकाने पाहावे असे जे काही आहे ते या नियमावल्यांत आहे. वृद्धांचा खेळ बहुधा ‘स्लो-पिच’ प्रकारचा असतो, म्हणजे पिचर चेंडू हात खाली ठेवून, किमान ६ फूट उंच कमान घेईल असा संथ टाकतो. पहिल्या बेसच्या जागी दोन गाद्या जोडून ठेवलेल्या असतात, पांढरी क्षेत्ररक्षकासाठी आणि रेषेबाहेरची नारिंगी धावणाऱ्यासाठी, म्हणजे दोघांचे पाय एकाच गादीवर येऊन कोणी आदळत नाही. शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या बेसकडून होम प्लेटकडे येताना, एक रेषा आखलेली असते. ती ओलांडली की धावणाऱ्याला मागे फिरता येत नाही, त्याला चेंडूने शिवून बाद करता येत नाही, आणि तो क्षेत्ररक्षकाच्या होम प्लेटवर न येता बाजूच्या वेगळ्या प्लेटवर पाय टेकवतो. मैदानात दहाऐवजी अकरा जण उभे राहू शकतात. बहुतेक स्पर्धांत शेवटची इनिंग सोडली तर एका इनिंगमध्ये पाचापेक्षा जास्त धावा धरल्या जात नाहीत. आणि ज्याचे गुडघे साथ देत नाहीत त्याने चेंडू मारून बेस गाठावा, तेथून पुढे त्याच्या वतीने दुसऱ्याने धावावे, अशी सोय असते. या बदली धावणाऱ्याला ‘कर्टसी रनर’ म्हणतात.

हे सारे पाहून, हा मूळ खेळ राहिलाच नाही, ही म्हाताऱ्यांची समजूत घालण्यासाठी केलेली नक्कल आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर देण्यासाठी खेळ म्हणजे काय हे ठरवावे लागते, आणि येथे बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात केलेली मांडणी उपयोगी पडते. सूट्स यांच्या मते एखादे साध्य गाठण्याचा सोपा मार्ग उपलब्ध असताना तो आपणहून नाकारणे, आणि त्या नकारामुळे शक्य होणारी कृती करता यावी एवढ्यासाठीच तो नाकारणे, म्हणजे खेळणे. गोल्फमध्ये चेंडू हाताने उचलून खड्ड्यात टाकता येतो, पण तसे केले तर गोल्फ उरत नाही. या दृष्टीने पाहता प्रत्येक खेळाला दोन प्रकारचे अडथळे असतात: ज्यांच्यासाठी तो खेळ आहे ते अडथळे, आणि केवळ तरुण शरीरांना ते सहन होत आले म्हणून खेळाला चिकटलेले अडथळे. होम प्लेटवर दोन माणसांनी एकमेकांवर आदळणे हा दुसऱ्या प्रकारचा अडथळा होय. कमानीतून उतरणाऱ्या चेंडूचा अंदाज घेणे हा पहिल्या प्रकारचा. संथ चेंडू मारायला सोपा असतो हा बाहेरून पाहणाऱ्याचा समज आहे. तो वरून, जवळजवळ सरळ खाली येतो, बॅटरला त्याच्याकडे पाहत थांबावे लागते, आणि जो अधीर होऊन अर्धा क्षण आधी बॅट फिरवतो त्याचा फटका आकाशात जाऊन सोपा झेल बनतो. जोर ओसरलेला खेळाडू दोन क्षेत्ररक्षकांमधली मोकळी जागा हेरून चेंडू तेथे टाकायला शिकतो. हे कौशल्य तारुण्यातही उपलब्ध होते, फक्त जोरापुढे त्याची गरज पडत नव्हती. वृद्धांच्या नियमावलीने खेळातले सार आणि त्याला चिकटलेले उपरे यांची निवड केली आहे, आणि ज्याला आपल्याकडे विवेक म्हणतात तो नित्य काय आणि अनित्य काय याची अशीच निवड करण्याचा प्रयत्न असतो.

अशा खेळाचे समर्थन करताना आरोग्याचे कारण फार सहज पुढे येते, पण ते अपुरे आहे. केवळ व्यायाम हवा असेल तर रोजचे चालणे अधिक सुरक्षित आहे, कारण एकदम धाव घेताना मांडीचा मागचा स्नायू दुखावणे ही या वयातल्या सॉफ्टबॉलची नेहमीची तक्रार आहे. त्यापेक्षा खोल अडचण अॅरिस्टॉटलच्या एका भेदातून दिसते. आपल्या ‘मेटाफिजिक्स’च्या नवव्या भागात तो कृतींचे दोन प्रकार करतो. घर बांधणे, रोगातून बरे होणे, अंग बारीक करणे या कृती साध्य गाठले की संपतात आणि तोवर अपुऱ्याच असतात, तर पाहणे किंवा विचार करणे या कृती ज्या क्षणी चालू असतात त्या क्षणीच पुऱ्या असतात. प्रकृतीसाठी खेळणारा वृद्ध नेमके पहिल्या प्रकारचे काम करत असतो, आणि ज्या शरीरासाठी तो ते करतो ते तर उताराला लागलेले असते, म्हणजे त्याचे साध्य दरवर्षी त्याच्यापासून दूर सरकत जाते. खेळाच्या आत धावा, बळी आणि जय ही साध्ये आहेतच, आणि ती मनापासून साधावी लागतात, नाहीतर खेळ होत नाही. परंतु खेळणे ही कृती त्या साध्यांसाठी नसते, उलट ती साध्येच खेळण्यासाठी उभी केलेली असतात. पाचव्या इनिंगमध्ये पाऊस आला तर सामना अपुरा राहतो, त्या चार इनिंगमधले खेळणे अपुरे राहत नाही. खुद्द अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात खेळाला कामासाठी घेतलेल्या विश्रांतीचे दुय्यम स्थान दिले, हे त्याच्या या भेदाशी विसंगत वाटते. काम ज्यांच्या मागे पडले आहे त्यांच्या बाबतीत तर ते उत्तर लागूच पडत नाही, कारण ज्या कामासाठी ताजेतवाने व्हायचे ते कामच उरलेले नाही.

भारतीय विचारात या जागी लीलेची कल्पना येते. पूर्णकाम ब्रह्माला सृष्टी निर्माण करण्याचे प्रयोजन काय, या शंकेला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात लीला हे उत्तर दिलेले आहे, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्य सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा व सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात. ज्याला काही मिळवायचे उरले नाही त्याचीच क्रीडा निखळ, असा या दाखल्याचा रोख आहे. तरुण खेळाडूला निवड, शिष्यवृत्ती, नाव असे पुष्कळ काही मिळवायचे असते, आणि ७५ वर्षांच्या खेळाडूला यातले काहीही मिळण्यासारखे नसते. तरीही येथे घाई करून चालणार नाही. फळ मिळण्याची शक्यता संपणे आणि फळाची इच्छा संपणे ही एकच गोष्ट नव्हे, आणि पहिली वयाने आपोआप घडते म्हणून दुसरीही घडली असे मानणे ही वृद्धांविषयीची खोटी भाविकता ठरेल.

या खोट्या भाविकतेविरुद्धचा पुरावा मैदानावरच मिळतो. वृद्धांच्या कित्येक स्पर्धांत ज्या बॅट वापरायला परवानगी असते त्या इतर अनेक स्पर्धांत चालणाऱ्या बॅटपेक्षा चेंडूला जास्त उसळी देतात, आणि त्यामुळे मंदावलेल्या हातातूनही चेंडू इतक्या वेगाने सुटतो की समोर उभ्या पिचरला चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवावा लागतो. ओसरलेले बळ वस्तूकडून उसने आणण्याचा हा प्रकार आहे आणि त्यात मिलोचे रडणेच वेगळ्या रूपात आहे, असे म्हणावे लागते. बेसवरची टक्कर काढून टाकणारा नियम आणि बॅटची उसळी वाढवणारा नियम हे एकाच नियमावलीत शेजारी असले, तरी पहिला म्हातारपण मान्य करतो आणि दुसरा ते लपवतो. उत्तरवयातला खेळ ही साधना आहे की आसक्ती, याचे एकच उत्तर सर्व खेळाडूंना लावता येत नाही ते यामुळे. तो कोणत्या नियमाच्या बळावर उभा आहे हे पाहावे लागते.

आसक्तीच्या विरुद्ध बाजूला सर्वांत लक्षणीय ठरतो तो कर्टसी रनरचा नियम. येथे चेंडू एकाने मारलेला असतो, घरी पोहोचतो दुसरा, आणि धाव संघाची होते. कर्म करणारा बेसवरून चालत बाहेर येतो आणि आपल्या फटक्याचे पुढे काय होते ते बाकावर बसून पाहतो. गीतेतल्या कर्मफलत्यागाची ही पूर्ण व्याख्या नव्हे, कारण पाहताना त्याचे मन धावेला चिकटलेलेच असेल, परंतु फळापासून हात सोडवण्याची कृती तरी त्याच्याकडून दर सामन्यात होते, आणि ती कोणाच्या उपदेशावाचून होते. मनुस्मृतीतला वानप्रस्थ हे सर्व एकदम, पत्नीला मुलांच्या हाती सोपवून किंवा तिच्यासह वनात जाऊन साधतो. या मैदानावर ते हळूहळू साधते. आधी शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली चपळाईची जागा सोडून द्यावी लागते, मग लांब फेक करण्याची बाहेरची जागा, मग स्वतःची धाव. प्रत्येक वेळी जे सुटले ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाते, आणि खेळ चालू राहतो.

ज्या क्लबाचे दारच पंचाहत्तरीला उघडते तेथे सहखेळाडूंचे निधन ही विरळा घटना असू शकत नाही. पुढच्या सामन्याला संघ तरीही उभा करावा लागतो, आणि रिकामी झालेली जागा कोणाला द्यायची हे ठरवताना मृत्यूचा विचार तेथे फलंदाजीचा क्रम लावण्याच्या कामात मिसळून जातो. स्मशानवैराग्य, म्हणजे चितेपाशी आलेली आणि घरी परतताच विरणारी विरक्ती, हिच्यावर आपल्या परंपरेने पुष्कळ टीका केली आहे. येथे जो विचार होतो तो कोणत्याही क्षणिक आवेगावाचून, दर आठवड्याला, हातात काम असताना होतो.

राहता राहिला थांबण्याचा प्रश्न. वयोगटांची शिडी वरच्या टोकाला उघडी असते, अमुक वयानंतर खेळू नये असा नियम नाही, त्यामुळे हा निर्णय खेळाडूवर किंवा त्याच्या शरीरावर येऊन पडतो. मिलोसारख्याला तो स्वतःचाच नाश वाटतो, कारण दंड गेले तेव्हा जाण्यासारखे जे होते ते सगळे एकदम गेले. ज्याने शॉर्टस्टॉप सोडला, फेक सोडली आणि आपली धाव दुसऱ्याच्या पायांवर सोपवली, त्याला बॅट खाली ठेवणे दुःखाचे जाईलच, पण ते त्याला नवे नसेल.