एका मुठीत पोतं

दोन वर्षांपूर्वी धनजच्या आमच्या शेतातलं सोयाबीन विकायला काढलं. बावीस पोती होती. खरेदीदाराच्या माणसानं टोकदार नळी पहिल्याच पोत्यात, अगदी बुडाशी खुपसली. मूठभर दाणे तळहातावर घेतले, मॉइश्चर मीटरच्या पेल्यात ओतले, झाकण आवळलं. काही सेकंदांत आकडा उमटला : 16.2. सरकारी खरेदीची रेघ तेव्हा 12 ची होती आणि भाव बोलताना खाजगीतही तीच पुढे केली जायची. मी म्हटलं, बाकीची पोती तरी बघ. तो म्हणाला, "एका मुठीत पोतं कयते, सर. सगळी फोडत बसलो त दिवाळी इथंच होईन."

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण ते वाक्य जास्त दिवस डोक्यात राहिलं. माझी उमेदीची वर्षं एनएमआर यंत्रापाशी प्रथिनांचे वर्णपट घेण्यात गेली, आणि त्या विद्येतही गेली वीस-पंचवीस वर्षं हाच प्रश्न ऐरणीवर आहे : किती कमी मोजलं तरी पोतं कळतं?

एनएमआर म्हणजे काय ते दवाखान्यातल्या एमआरआयमुळे सगळ्यांच्या कानावर आहे. बलवान चुंबक, रेडिओ लहरींचा एक ठोका, आणि मग अणुकेंद्रकांनी दिलेला प्रतिसाद. प्रत्येक केंद्रक आपल्या शेजाऱ्यांप्रमाणे किंचित वेगळ्या स्वरात बोलतं, आणि या स्वरांवरून रेणूची घडण उलगडते. साध्या अल्कोहोलमधले हायड्रोजन तीन वेगळ्या स्वरांत बोलतात हे 1951 साली स्टॅनफर्डमध्ये ज्या तिघांनी दाखवलं, त्यांत एस. एस. धर्मट्टी हे एक होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच या विद्येचं रोप लावलं. आपल्याकडे त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

अल्कोहोलचे तीन स्वर एका ठोक्यात ऐकू येतात. प्रथिनात हजारो हायड्रोजन असतात आणि त्यांचे स्वर एकमेकांवर चढतात. म्हणून ते दुसऱ्या, तिसऱ्या मितीत पसरवावे लागतात, आणि प्रत्येक वाढीव मितीचं मोल वेळेत मोजावं लागतं. हिशेबच मांडतो. एका मितीत 64 टप्पे, दुसरीत 40; गुणाकार 2560. प्रत्येक टप्प्याची चार रूपं घ्यायची, प्रत्येक रूप आठ वेळा, दर वेळी सव्वा सेकंद. अठ्ठावीस तास झाले. चौथी मिती तीस टप्प्यांची जोडली, तर दोन रूपं धरून वेळ साठपट होतो, म्हणजे 71 दिवस. एवढ्या दिवसांत पेरलेल्या सोयाबीनच्या शेंगा भरायला लागतात. नळीतलं प्रथिन मात्र कधीच साकळून तळाशी बसलेलं असतं.

वेगाच्या गोष्टी निघाल्या की मी एक भेद आधी करतो. लवकर आटोपण्याचे दोन मार्ग आहेत. एक, वाट पाहणं कमी करायचं. दुसरा, मोजणंच कमी करायचं. पहिला मला नेहमी सरळ वाटत आला आणि दुसऱ्याचा संशय.

पहिल्यातली खुबी अशी. त्या सव्वा सेकंदात यंत्र खरोखर ऐकतं ते एक दशांश सेकंद. उरलेला वेळ ठोका खाल्लेली केंद्रकं पूर्वस्थितीला येण्याची वाट बघण्यात जातो. अठ्ठावीस तासांतले सव्वीसेक तास नुसतं थांबणं! रात्र-रात्र यंत्रापाशी बसण्याला मी तपश्चर्या समजत होतो. त्यातली बहुतेक रिकामी होती. ग्रनोबलच्या शांडा आणि ब्रुचर यांनी 2005 साली सोफास्ट नावाची पद्धत काढली. तिच्यात प्रथिनाच्या कण्यावरच्या, नायट्रोजनला चिकटलेल्या हायड्रोजननाच ठोका द्यायचा. आजूबाजूच्या बाकी हायड्रोजनना हात लावायचा नाही. हे न हललेले शेजारी हललेल्यांची ऊर्जा वाटून घेतात आणि त्यांना कितीतरी लवकर ठिकाणावर आणतात. ज्याचं काम अडलं त्याच्या शेतात सगळ्यांनी उतरायचं, तशी ही रेणूतली इरजिक. दोन मितींचा वर्णपट, ज्याला आधी कितीतरी मिनिटं लागत, तो काही सेकंदांत मिळू लागला. दोन वर्षांनी याच मंडळींनी दुधातल्या अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन या प्रथिनाची घडी पडताना दर काही सेकंदांनी वर्णपट टिपले. अर्धवट घडी पडलेलं रूप आणि पूर्ण घडी पडलेला रेणू यांच्यामधली वाट अणू-अणूच्या पातळीवर दिसली. अशा ठिकाणी घाई रेणूलाच असते आणि आपल्याला तिच्याबरोबर धावावं लागतं.

खरा घोळ दुसऱ्या मार्गाचा. त्यात 2560 टप्प्यांपैकी पाचशेच घ्यायचे, विखुरलेले, आणि उरलेले गणितानं भरून काढायचे. न मोजलेलं भरून काढायचं, म्हणजे काय? मला तर ही बुडातली मूठच वाटायची. त्यापेक्षा मुंबईच्या टाटा संस्थेतल्यांची वाट मला जवळची होती : होसूर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2001 साली असे प्रयोग बांधले की साखळीतल्या एका दुव्यावरून शेजारच्या दुव्यावर थेट पाऊल टाकता यावं. त्याच संस्थेत हनुदत्त अत्रेय यांनी चारी आणि गोविल यांच्याबरोबर वर्णपटातल्या खुणा आपोआप ओळखणारा टाटाप्रो हा प्रोग्राम लिहिला. पुढे अत्रेय अमेरिकेत बफलोला गेले आणि शिपेर्स्की यांच्याबरोबर त्यांनी अनेक मिती एकत्र दुमडून मोजण्याच्या पद्धतीवर काम केलं.

इथं थोडं आडवाटेला जातो, कारण माझं मत तिथंच फिरलं. पीक-कापणी प्रयोग आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतात. पैसेवारी किती लागते यावर गावाचं वर्ष ठरतं. त्या प्रयोगाला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत दोन मराठी माणसं होती, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे. शेत कुठलं, त्यातला तुकडा कुठला, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवायचं नाही. यादृच्छिक आकड्यांनी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, हा त्यांचा आग्रह. तुकड्याच्या आकारावरून सुखात्मे यांचा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी वाद झाला. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्मे यांनी 1946 साली दाखवलं की फार छोटा तुकडा उत्पन्न फुगवून सांगतो. कारण साधं आहे. दोरीवर उभं असलेलं झाड आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की माणूस ते आत धरतो. आणि तुकडा जितका छोटा, तितकी त्याच्या मानानं दोरी जास्त.

हे वाचताना मला आमचं वावर दिसलं. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. कुणी शिस्तीत दर सहावी ओळ मोजली, तर त्याला सगळीकडे तूरच सापडेल आणि सोयाबीन या शेतात नाहीच, असं तो छातीठोक लिहील. सारख्या अंतराची मोजणी दिसते काटेकोर, पण ती अशी फसते. एनएमआरमध्येही टप्पे सारख्या अंतरानं वगळले की खोटे स्वर खऱ्यासारखेच ठाम उभे राहतात. विस्कळीत वगळले की तो खोटेपणा पातळ होऊन सगळीकडे धुरळ्यासारखा पसरतो, आणि खरे स्वर त्यातून वर येतात. शिवाय कुठले टप्पे घ्यायचे याची यादी प्रयोग सुरू होण्याआधीच आकड्यांच्या सोडतीनं ठरलेली असते. मला हवं ते प्रथिन बघायला त्या यादीत मला हात घालता येत नाही.

तेव्हा कमी मोजण्यावरचा माझा राग मागे घेतो. त्या दिवशी मूठ लहान होती, हा तिचा दोष नव्हता. नळी कुठं खुपसायची हे ज्यानं ठरवलं, त्यालाच आकडा मोठा हवा होता. दोन वर्षं मी चुकीच्या गोष्टीवर चिडून होतो.

एक अट मात्र सोडत नाही. गणितानं भरून काढणं चालतं, कारण वर्णपटाचा बहुतेक भाग ओसाड असतो. जिथं बलदंड स्वरांच्या शेजारी अगदी क्षीण स्वर उभे असतात, आणि अणू-अणूंमधली अंतरं सांगणाऱ्या प्रयोगात ते असतातच, तिथं क्षीण स्वर धुरळ्यात हरवतो. तिथं यंत्राला त्याचे तास द्यावेत.

माझा एक जुना सहकारी फोनवर म्हणतो, आता मूठ तरी कशाला? अल्फाफोल्ड हा प्रोग्राम मिनिटांत प्रथिनाची घडण सांगतो, 2024 चं नोबेलही मिळालं. मिळालं, आणि योग्यच मिळालं. पण तो प्रोग्राम ज्यावर शिकला, त्या हजारो रचना कुणीतरी मोजल्या होत्या. आणि पार्किन्सनमध्ये मेंदूत साकळणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाला स्वतःची एक ठाम घडणच नाही. ते मोकळं असताना सारखं रूप बदलतं. त्याचा एक फोटो घेऊन काय करणार? ते हलताना बघावं लागतं, आणि हलताना बघायचं तर लवकर मोजावं लागतं. तो म्हणतो, तेही येईल. येवो. तोवर नळी माझ्या हातात राहू दे.

यंदा अठरा पोती भरली. मी अठरा चिठ्ठ्या केल्या आणि खरेदीदाराच्या माणसासमोर नातीला पाच उचलायला लावल्या. तो आधी कंटाळला, मग वाकून बघू लागला. तीन, आठ, अकरा, चौदा, सतरा. मीटरवर 12.4, 11.9, 15.7, 12.8, 13.2. अकरावं पोतं भिंतीला लागून होतं. त्यानं मोबाइलवर सरासरी काढली, 13.2 लिहिलं आणि त्या मानानं भाव कमी केला. मी पैसे मोजून घेतले. नात काट्यापाशी बसून उरलेल्या तेरा चिठ्ठ्या एकेक उलगडून बघत होती.