विचारणे आणि सांगणे

खानापुरातून हेम्माडग्याच्या रस्त्याला लागले की झाडी हळूहळू दाट होत जाते. पुढे भीमगडचे रान. म्हादईचा उगम इथलाच, आणि बारापेडे गुहांतली दुर्मीळ वटवाघळेही इथलीच. डिसेंबर २०११ मध्ये या रानाचे सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. गवाळी, कोंगळा, आमगाव, तळेवाडी ही आपली मराठी बोलणारी गावे एका कागदाने अभयारण्याच्या आत गेली.

काही वर्षांपूर्वी तिथल्या एका वाडीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक जुनी नोटीस काढून दाखवली. ती कन्नडमध्ये होती. शाळेत कन्नड शिकलेल्या नातवाने ती वाचून आजोबांना अर्थ सांगितला होता. "तुमचं काय म्हणणं पडलं मग?" मी विचारले. आजोबा म्हणाले, "म्हणायला आमास्नी इचारलं कुणी? सांगितलं."

विचारणे आणि सांगणे यांतले हे अंतर मला तेव्हापासून सोडत नाही.

रान राखले पाहिजे, याविषयी वाद नाही. म्हादईच्या पाण्यावर खाली गोव्यातली गावे जगतात. वाघाला आणि गव्याला तर ग्रामसभेत हात वर करता येत नाही. तेव्हा रान केवळ रानातल्या माणसांचे, असे म्हणता येणार नाही. पण राखण्याचा लाभ सर्वांचा आणि तोशीस मात्र आतल्या मूठभरांची, ही वाटणी न्यायाची कशी? गव्यांनी तुडवलेले भात शहरातल्या निसर्गप्रेमींचे नसते. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावर घालून चिखलातून आणण्याची पाळीही आपल्यावर येत नाही.

कायद्याने हा प्रश्न ओळखला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वन्यजीवांसाठी जागा निर्मनुष्य करायची तर आधी लोकांचे हक्क मान्य करावे लागतात, आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण, स्वेच्छेची लेखी संमती घ्यावी लागते. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना स्थलांतराच्या मोबदल्याचा पहिला हप्ता मिळाला. मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी कुणी आनंदाने रान सोडत असेल, तर त्याला अडवणारे आपण कोण? रानातले जिणे दुरून गोड मानणे हाही एक अन्यायच.

तरीही एक शंका उरते. ज्या गावाला वर्षानुवर्षे धड रस्ता मिळाला नाही, त्याने शेवटी कंटाळून दिलेला होकार स्वेच्छेचा म्हणावा काय? 'इथे राहिलात तर काही मिळणार नाही, गेलात तर सारे मिळेल' असे ऐकून घेतलेल्या निर्णयाला निवड म्हणणे जड जाते. राहण्याची वाटही खरोखर मोकळी असेल, तरच जाण्याच्या होकाराला मोल येते.

ही वाट अशक्य नाही. याच कर्नाटकात, त्याच २०११ साली, बिळिगिरीरंगन डोंगरातल्या व्याघ्र प्रकल्पात सोलिग आदिवासींचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. वाघाच्या रानातही माणसाच्या हक्काला जागा असू शकते, हे तिथे मान्य करण्यात आले. उलट जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ चार वाघ मेलेले सापडले. त्यांच्यावर विषप्रयोग झाला होता. त्या कृत्याचे समर्थन कुणीही करू नये. पण गोठ्यातले जनावर गेल्यावर वेळेवर भरपाई मिळते, आपले गाऱ्हाणे ऐकले जाते, असा भरवसा ज्याला असतो तो वाघाला वैरी मानण्याआधी थांबतो. नुसत्या पहाऱ्याने असा भरवसा निर्माण होत नाही.

आपल्याकडच्या देवराया पाहा. तिथे कुंपण नव्हते की पहारेकरी नव्हता. कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम गावानेच गावावर घातलेला होता, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदाचे ओझे वेगळे समजावून सांगायला नको. रानातल्या गावांसाठी मागायचे ते फार मोठे नाही. निर्णयाआधी माणूस गावात यावा, त्यांच्या भाषेत बोलावा, आणि 'नाही' हे उत्तरही लिहून घेण्याची त्याची तयारी असावी. मग नातवाला नोटीस वाचून दाखवावी लागणार नाही. आजोबांना तिच्यात काय आहे ते आधीच ठाऊक असेल.