भैरवीच्या आधी

डोंबिवलीत राहून मुंबईतल्या मैफिलीला जाणाऱ्याचे अर्धे लक्ष शेवटच्या लोकलकडे असते. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक वाद्यवृंद मुंबईत आला, तेव्हा त्या गर्दीत मी होतो. दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत माझी पहिली पाळी होती. मी पोहोचेपर्यंत रात्रपाळीचा सहकारी यंत्र सोडून घरी जाऊ शकत नव्हता. म्हणून अखेरची गाणी शिल्लक असताना मी उठलो. त्या निर्णयाचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला नाही, आजही नाही. परंतु काहीतरी अपुरे राहिल्याची जाणीव मात्र टिकून राहिली.

या वादकांची ओळख आम्हाला झाली ती हातोहात फिरणाऱ्या, उतरवून घेतलेल्या कॅसेटांवरून. त्यांत 'मेड इन जपान' सर्वांत झिजलेली. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाका येथे आणि १७ तारखेला टोकियो येथे झालेल्या कार्यक्रमांचे हे ध्वनिमुद्रण. स्वतः वादक त्याबद्दल फारसे उत्सुक नव्हते. आग्रह जपानमधील ध्वनिमुद्रण कंपनीचा होता आणि प्रारंभी ते केवळ जपानपुरतेच काढायचे होते. ध्वनिअभियंता मार्टिन बर्च यांनी ते मुद्रित केले. पुढे स्टुडिओत बसून त्यात काही नव्याने भरले गेले नाही. 'स्पेस ट्रकिन' हे मूळ साडेचार मिनिटांचे गाणे तेथे वीस मिनिटांच्या आसपास जाते.

माझ्या मामांनी ती कॅसेट एकदा शेवटपर्यंत ऐकली. १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजाच्या मैफिलींवर त्यांचा कान तयार झाला होता. ते म्हणाले, "अरे, हे लोक बढत करतात. तीन मिनिटांच्या तबकडीवर बंदिश कळते, गवई कळत नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "मी दादरला पुष्कळ गाणे ऐकले. भैरवी मात्र फार थोड्या वेळा वाट्याला आली." कल्याणची गाडी चुकू नये म्हणून मैफिलीच्या अखेरच्या भैरवीआधी तेही उठत असत, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

१९९५च्या त्या मुंबईतील कार्यक्रमाचे मुद्रण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने प्रसिद्ध झाले. नावामागे एक जुने ऋण आहे. 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाची त्याच नावाची एक रचना होती आणि डीप पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरावट तिच्यावरून घेतलेली आहे. गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या जागी आलेले स्टीव्ह मोर्स त्या वेळी वाद्यवृंदात नवे होते. नव्या अल्बमची गाणी अजून घडत होती. पुढच्या वर्षी 'टेड द मेकॅनिक' म्हणून आलेले गाणे या मुद्रणात 'केन द मेकॅनिक' आहे. नावसुद्धा ठरायचे होते!

मला या मुद्रणाचे मोल येथे वाटते. स्टुडिओतील गाणे निर्णय होऊन गेल्यावर आपल्यापर्यंत पोहोचते. दौऱ्यावरील मुद्रणात निर्णयापूर्वीचा काळ शिल्लक असतो: सहकाऱ्याचा अंदाज घेणारी बोटे, पुढचा सूर कोण उचलणार याची क्षणभराची प्रतीक्षा. आपलीही बहुतेक कर्तव्ये अशाच अवस्थेत पार पडतात. पाळी बदलताना यंत्राची तक्रार आम्ही परस्परांना सांगत असू, तेव्हा काम पूर्ण झालेले नसे. ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात असे. ते कुणी मुद्रित केले नाही, म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही. मात्र त्याची साक्ष आता केवळ आमच्याजवळ उरली आहे, आणि आम्हीही थोडेच उरलो आहोत.

गमावलेली वेळ असे मुद्रण परत देते, असे मी मानत नाही. ते ती वेळ दाखवते, अगदी मिनिटांच्या हिशेबाने. मामा आज हयात नाहीत. निवृत्तीनंतर मी 'बॉम्बे कॉलिंग' अनेकदा लावले आहे, आणि मी ज्या ठिकाणी उठलो ती जागा मला आता नेमकी ओळखू येते. तिथपर्यंतच्या टाळ्यांत माझ्या टाळ्या आहेत. त्यापुढच्या टाळ्या थांबलेल्यांच्या आहेत. त्याही मी पूर्ण ऐकतो.