बळीचा जमाखर्च

बुद्धिबळात मोहऱ्यांच्या किमतीचा एक ढोबळ तक्ता रूढ आहे: प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. नवशिक्याला तो सुरुवातीलाच शिकवतात आणि बहुतेक डावांत तो खराही ठरतो. बळी देणारा खेळाडू मात्र वेगळा हिशेब मांडतो. पटावर एकूण किती मोहरे उरले यापेक्षा समोरच्या राजाभोवती किती मोहरे कामाला लागले आणि त्या राजाचे मोहरे त्याच्या मदतीला किती वेळात पोहोचू शकतील, हे तो मोजतो. कोपऱ्यात अडकलेल्या हत्तीला पुढच्या तीन चालींत बाहेर पडता येणार नसेल, तर त्या तीन चालींपुरती त्याची किंमत शून्य.

या हिशेबाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये अडॉल्फ अँडरसन आणि लायोनेल किझेरिट्झ्की यांच्यात झालेला डाव. तेव्हा लंडनमध्ये मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती, पण हा डाव स्पर्धेतला नव्हे. दोघे सहज म्हणून बसले होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला. २३व्या चालीला मात झाली तेव्हा राजा आणि प्यादी सोडता त्याच्याकडे दोन घोडे आणि एक उंट एवढेच उरले होते. काळ्याची तोवर अवघी तीन प्यादी गेली होती. अर्नस्ट फाल्कबिअर यांनी १८५५ साली या डावाला ‘अमर’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले.

वाचकाचे डोळे दिपतात ते वजिराच्या बळीने. डावाचे मर्म मात्र १९व्या चालीत आहे. एक हत्ती आधीच गेलेला, दुसऱ्यावर काळ्या वजिराची नजर, आणि अँडरसन शांतपणे एक प्यादे ई-५ वर सरकवतो. या प्याद्याने ए-१ पासून जी-७ पर्यंत जाणारी तिरकी वाट बंद होते. काळा वजीर ए-१ वरचा हत्ती मारतो खरा, पण तिथून त्याला आपल्या राजाजवळचे जी-७ हे घर राखता येत नाही. पटावरचे सर्वांत बलाढ्य मोहरे सर्वांत दूरच्या कोपऱ्यात निकामी होऊन पडते. त्यानंतर एफ-६ वर वजीर देण्याचा हेतू एवढाच, की जी-८ वरच्या काळ्या घोड्याने तो मारावा आणि ई-७ वरचा पहारा उठावा. घोडा हलतो, उंट ई-७ वर येतो, डाव संपतो.

पुढच्या पिढ्यांनी हा डाव बारकाईने तपासला तेव्हा त्यात उणिवा सापडल्या. १८व्या चालीला उंट डी-६ वर नेण्यापेक्षा सरस चाली पांढऱ्याकडे होत्या. काळ्यानेही त्यावर जी-१ वरचा हत्ती मारण्याऐवजी ए-१ वरचा हत्ती वजिराने मारून वजीर लगेच बी-२ वर परत आणला असता, तर लढत बरीच लांबली असती. त्या काळात पुढे केलेला मोहरा घेणे हाच रिवाज होता, बचावाचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. म्हणून ‘अमर’ डाव देखणा असला, तरी तो जिंकण्यात किझेरिट्झ्कीच्या हावरेपणाचा वाटा मोठा आहे.

रुडॉल्फ स्पीलमन या आक्रमक ऑस्ट्रियन खेळाडूने १९३५ साली बळी या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याने बळीचे दोन वर्ग केले: दिखाऊ आणि खरे. ज्याची परतफेड शेवटपर्यंत मोजता येते तो दिखाऊ. तिथे धोका नसतो, फक्त गणित असते. ज्याचा शेवट दिसत नाही, केवळ स्थितीच्या अंदाजावर मोहरा सोडून द्यावा लागतो, तो खरा. स्पीलमनचा कल दुसऱ्याकडे होता. पण पहिल्या वर्गाला कमी लेखण्याचे कारण नाही, हे अकिबा रुबिन्स्टाईनच्या एका डावावरून दिसते.

१९०७ साली लॉज शहरात जॉर्ज रोटलेवीविरुद्ध रुबिन्स्टाईन काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. सुरुवात जवळपास आरशातल्यासारखी, दोन्ही बाजू सारख्या. फरक एवढाच, की रोटलेवीने वजीर आधी डी-२ वर नेऊन मग ई-२ वर हलवला, आणि उंट डी-३, सी-४ व पुन्हा डी-३ असा फिरवला. या वाया गेलेल्या चालींचे व्याज रुबिन्स्टाईनने २२व्या चालीपासून वसूल केले. वजीर प्याद्याच्या तोंडी तसाच सोडून त्याने हत्तीने सी-३ वरचा घोडा मारला. वजीर गेल्यावर दुसरा हत्ती डी-२ वर ठेवला, तोही फुकट. हा हत्ती मारायला पांढरा वजीर ई-२ वरून हलला आणि ई-४ वरच्या उंटाला असलेला त्याचा आधार सुटला. काळ्या उंटाने तो मारून शह दिला, आणि २५व्या चालीला हत्ती एच-३ वर येताच रोटलेवीने डाव सोडला. त्या घडीला पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि उंट होते. काळ्याकडे हत्ती, दोन उंट आणि घोडा. तक्ता पांढऱ्याच्या बाजूने होता, पण काळ्याचे चारही मोहरे राजावर रोखलेले आणि पांढऱ्याचे हत्ती अजून मागच्या ओळीतच. इथे प्रतिस्पर्ध्याच्या हावेवर काहीच अवलंबून नव्हते. म्हणूनच हा डाव अँडरसनच्या डावापेक्षा वरचढ ठरतो.

खऱ्या बळीचे नाव निघाले की मिखाईल ताल आठवणारच. १९६० साली मॉस्कोत मिखाईल बोट्विनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, सहाव्या डावात, त्याने २१व्या चालीला घोडा एफ-४ वर देऊन टाकला. प्रेक्षकांत एवढी कुजबुज माजली, की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. विश्लेषणात हा बळी टिकला नाही: २५व्या चालीला बोट्विनिकने काळा वजीर मारण्याऐवजी उंटाने एफ-३ वरचे प्यादे मारले असते, तर ताल अडचणीत आला असता. पण पटापुढे, चालत्या घड्याळासमोर, हाताशी आलेला वजीर सोडून प्यादे मारायचे हे जगज्जेत्यालाही सुचले नाही. ‘चुकीचा’ बळी आणि ‘निरुपयोगी’ बळी यांत म्हणून भेद करावा लागतो. गॅरी कास्पारोव्हने १९९९ साली वाइक आन झी येथे व्हेसेलिन टोपालोव्हला हरवले, तिथेही हेच दिसते. २४व्या चालीला डी-४ वर दिलेला हत्ती टोपालोव्हने घेतला नसता तर तो तरला असता. त्याने घेतला आणि त्याचा राजा हाकलला जात थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत पोहोचला.

संगणक आल्यावर बळीची पारख सोपी झाली, पण श्रेय कोणाला द्यायचे हा नवा प्रश्न उभा राहिला. २०१३ साली वाइक आन झी येथेच विश्वनाथन आनंदने लेव्हॉन अरोनियनला काळ्या मोहऱ्यांनी २३ चालींत हरवले. पांढऱ्या राजाकडे रोखलेले दोन उंट आणि एकामागून एक सोडून दिलेले मोहरे पाहून जाणकारांना रोटलेवीविरुद्धचा डाव आठवला. आनंदची ही तयारी मुळात २०१२च्या बोरिस गेल्फंडविरुद्धच्या लढतीसाठी केलेली होती. म्हणजे कल्पना अभ्यासिकेतली. तरी अशी तयारी कधीतरी संपते, आणि त्यापुढे पटावरची प्रत्येक चाल खेळाडूलाच शोधावी लागते. अशा डावाचे मोजमाप करताना तयारी नेमकी कोणत्या चालीपर्यंत होती, हे आधी पाहावे लागते.